सर्पपालन आणि सावधगिरी

साप आणि मनुष्य यांचा शेजार फार पुरातन आहे. परंतु त्या शेजाराला घरोबा म्हणतां येईल कीं नाहीं, याविषयीं आमच्या समाजांत दोन परस्परविरुद्ध वृत्ति एकत्र नांदत आल्या आहेत. श्रावण शुद्ध पंचमीस ज्या घरांत पाटावर नाग काढून त्याची पूजा होते, त्याच घरांत दुसऱ्या दिवशीं न्हाणीघरांत साप निघाल्याची हूल उठली, तर काठीसाठीं धांवाधांव सुरू होते. आणि साप सांपडला नाहीं तर नुसती भुई धोपटण्यासही आम्ही कमी करीत नाहीं. पूजा आणि काठी यांवांचून सापाशीं वागण्याचा तिसरा मार्ग असूं शकेल, ही कल्पना आमच्या मध्यमवर्गीय घरांस नवीन आहे. हा तिसरा मार्ग म्हणजे सापास पेटींत ठेवून, वेळेवर खावयास घालून, कुत्र्यामांजराप्रमाणें त्याचें संगोपन करण्याचा होय. पाश्चात्य देशांत हा छंद बराच रूढ असून आतां मुंबई-पुण्याच्या सदनिकांतूनही त्याचा शिरकाव होऊं लागला आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. आमच्या एका स्नेह्यांच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनीं वाढदिवसाची भेट म्हणून अजगराचें पिलूं मागितलें. हें पिलूं आपल्याकडील रानचें नव्हे. आफ्रिकेंतील ज्या लहान अजगरास इंग्रजींत बॉल पायथन म्हणतात, त्याचें. तो बिनविषारी, स्वभावानें गरीब, वाढून वाढून तीन ते पांच फूट होणारा, आणि भय वाटलें असतां अंगाचा चेंडू करून बसणारा. एवढी सर्व माहिती मुलानें तोंडपाठ केली होती. मातोश्रींनीं माहेरीं जाण्याची भाषा काढली, आजींनीं देव पाण्यांत घातले, आणि वडील सल्ला विचारण्यासाठीं आमच्याकडे आले. "तुम्ही इतिहासाचीं पुस्तकें चाळतां, या बाबतींत तुमचा इतिहास काय म्हणतो तें सांगा," असें ते हंसत म्हणाले.

प्रश्न थट्टेनें विचारला होता. पण आम्हीं तो मनावर घेतला. कारण साप बाळगण्याचा उद्योग आज नवा वाटला तरी वस्तुतः तो नवा नाहीं. गारुड्याची करंडी, प्राणिसंग्रहालयांतील सर्पगृह, प्रतिविष तयार करणाऱ्या संस्थांचा सर्पसंग्रह, आणि छांदिष्टांच्या घरांतील कांचेची पेटी अशा चार ठिकाणीं मनुष्यानें सापास जवळ ठेविलें आहे, आणि या चारही ठिकाणच्या अपघातांच्या हकीकती उपलब्ध आहेत. त्या एकापुढें एक ठेवून वाचल्या असतां एक गोष्ट ठळकपणें नजरेस येते. रानांतला साप बहुधा अजाणत्यास चावतो; पेटींतला साप मात्र पुष्कळदां जाणत्यासच चावतो. अज्ञानापेक्षां परिचय घातक ठरावा हें चमत्कारिक दिसतें; परंतु 'अतिपरिचयादवज्ञा' हें वचन आमच्या वाडवडिलांनीं कांहीं उगाच तोंडीं बसविलें नाहीं.

प्रथम गारुड्याची करंडी पाहूं. जगांतील अत्यंत जुन्या सर्पपालकांत आमच्या देशांतील गारुड्यांची गणना करावी लागेल. पुंगीच्या तालावर नाग डोलतो असें आपण लहानपणीं ऐकिलें. खरें पाहतां सापास बाहेरचा कान नाहीं, आणि तो डोलतो तो पुंगीच्या नादावर नसून गारुड्याच्या हातांच्या व पुंगीच्या हालचालीवर डोलतो. गारुड्याच्या निर्भयतेचें रहस्य पुंगींत नव्हतें. तें सापाच्या जबड्यांत होतें. विषदंत उपटून टाकणें, विषाच्या पिशव्यांना इजा करणें, क्वचित् सापाचें तोंडच शिवून टाकणें हे त्यांतील अनेकांचे उपाय. हे उपाय क्रूर तर होतेच; पण ज्यासाठीं ते केले जात तो हेतुही त्यांनीं पुरता साधत नसे. विषारी सापाच्या जबड्यांत चालू विषदंताच्या मागें राखीव विषदंत वाढत असतात. पुढचा पडला कीं कांहीं आठवड्यांच्या आंत मागचा त्याची जागा घेतो. म्हणजे काल ज्या नागास हातांत घेऊन मिरविलें, तोच आज न सांगतां सशस्त्र झालेला असावयाचा! तोंड शिवलेला साप तर उपासानें व जखम चिघळून मरे. नागपंचमीस जो नाग घटाघट दूध पितो, तो भक्तीनें पीत नसून अनेक दिवसांच्या तहानेनें पितो, आणि तें दूध त्यास मानवतही नाहीं. गारुड्यानें आपली सुरक्षितता सापाच्या शरीरांत शोधली, करंडीच्या झाकणांत शोधली नाहीं, ही त्याच्या विद्येंतील मूळ चूक होय. सापास पांगळा करून मनुष्य निर्धास्त होऊं पाहतो, आणि निर्धास्त झाला कीं फसतो.

आतां दुसरें स्थळ. लंडनच्या रीजंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयानें १८४९ सालीं सापांसाठीं व इतर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीं स्वतंत्र गृह उघडलें. लोकांस पाहण्यासाठीं बांधलेलें अशा प्रकारचें तें जगांतील पहिलेंच गृह. कांचेच्या आड नाग फणा काढून उभा आहे आणि दोन वितींवर आपण सहकुटुंब निर्भयपणें उभे आहों, ही मौज त्या काळच्या लंडनकरांस अपूर्व वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु अवघ्या तीन वर्षांनीं, २० ऑक्टोबर १८५२ रोजीं, त्याच गृहांत पहिला मोठा अपघात झाला. एडवर्ड होरेशिओ गर्लिंग नांवाचा रखवालदार सकाळीं कामावर आला, तो आदली रात्र परदेशीं निघालेल्या मित्रास निरोप देण्यांत जागवून आणि मद्याच्या अंमलाखालीं आला. त्यानें प्रथम एक साप पेटींतून काढून खेळविला. त्यानें कांहीं केलें नाहीं, तेव्हां धीर चेपून त्यानें नागास बाहेर काढलें. नागानें त्याच्या नाकावर दंश केला. त्यास युनिव्हर्सिटी कॉलेजच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. पण त्या काळीं नागाच्या विषावर उतारा असा नव्हताच, आणि थोड्याच वेळांत त्याचा अंत झाला.

ही हकीकत सांगतांना दारूवर सर्व दोष टाकून मोकळें होण्याचा मोह पडतो. आम्हांस तिचा अर्थ याहून व्यापक वाटतो. कांच होती ती प्रेक्षकांसाठीं होती. रखवालदार आणि नाग यांच्यामध्यें रखवालदाराच्या शुद्धीखेरीज दुसरा कोणताच पडदा नव्हता. ज्या व्यवस्थेंत मनुष्याची शुद्धि हेंच एकमेव कुलूप असतें, ती व्यवस्था त्याच्या जागरणाबरोबर, आजारपणाबरोबर, रागाबरोबर, किंबहुना आनंदाबरोबरही उघडी पडते. विषारी सापाची पेटी एकट्यानें उघडूं नये, उघड्या हातानें सापास धरूं नये, आणि थकलेल्या किंवा धुंद स्थितींत त्याच्याजवळ जाऊं नये, हे आज कोणत्याही व्यवस्थित सर्पालयांत प्राथमिक समजले जाणारे नियम गर्लिंगच्या मरणांतून जणूं वाचून दाखवितां येतात.

तिसरें स्थळ प्रतिविषाच्या संस्थांचें. १८९४-९५ च्या सुमारास आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानें नागाच्या विषावर उतारा म्हणून प्राण्यांच्या रक्तांतील पिवळसर द्रवाचा उपयोग करून दाखविला, आणि सर्पदंशाच्या इतिहासास नवें वळण लागलें. घोड्यास विषाची मात्रा हळूहळू वाढवीत टोंचावयाची आणि त्याच्या रक्तांत जी प्रतिकारशक्ति उत्पन्न होते तिचें औषध करावयाचें, ही ती पद्धति. पण औषधासाठीं विष पाहिजे, विषासाठीं साप पाहिजेत, आणि तेही दहावीस नव्हेत, शेंकड्यांनीं. त्यामुळें साप सुरक्षितपणें सांभाळणें हा आतां मर्दुमकीचा विषय न राहतां कारखानदारीइतका रोजचा आणि शिस्तीचा विषय झाला. ब्राझील देशांत साव पावलो येथें १९०१ सालीं बुतांतान संस्था सुरू झाली. तेथील सर्पोद्यानाची रचना पाहण्यासारखी आहे. भोंवतीं गुळगुळीत भिंत, तिच्या आंतल्या अंगास पाण्याचा चर, आणि मधल्या हिरवळीवर सापांसाठीं घुमटाकार लहान लहान घरें. येथें सापाचा दांत कोणी उपटला नाहीं. त्याच्या आणि माणसाच्या मध्यें भिंत व पाणी उभें केलें. त्याच संस्थेचे पहिले प्रमुख व्हितल ब्राझील यांनीं दुसरी एक महत्त्वाची गोष्ट ठासून सांगितली. एका जातीच्या सापाचें प्रतिविष दुसऱ्या जातीच्या विषावर चालेलच असें नाहीं. म्हणून सापाची जात अचूक ओळखणें हा केवळ पांडित्याचा भाग नसून जीवनमरणाचा प्रश्न आहे.

आमच्या मुंबईंतही या परंपरेची एक शाखा रुजली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. पुढें तेथें सर्पदंशावरील प्रतिविषाचें कार्य सुरू झालें. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार विषारी सापांविरुद्ध उपयोगी पडणारें जें एकत्रित प्रतिविष आज आपल्या रुग्णालयांत मिळतें, त्याच्या इतिहासांत या संस्थेचें नांव आदरानें घ्यावें लागतें. तेथें काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांनीं भारतांतील सापांवर लिहिलेलें पुस्तक १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. तिकडे मद्रासजवळ इरुळा या आदिवासी जमातीच्या लोकांनीं १९७८ सालीं साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. पकडलेले साप मातीच्या मडक्यांत ठेवून मडक्याच्या तोंडास कापड बांधावयाचें, ठरलेल्या दिवसांनीं थोडें थोडें विष काढून घ्यावयाचें, आणि कांहीं आठवड्यांनीं सापास पुन्हां रानांत सोडावयाचें, अशी त्यांची रीत आहे. गारुड्याची करंडी आणि इरुळाचें मडकें हीं दिसावयास सारखीं. पण एकांत सापास मोडून माणूस सुरक्षित होऊं पाहत होता, तर दुसऱ्यांत साप अभंग आहे हें जाणून माणूस शिस्तीनें वागत आहे. सर्पपालनाच्या इतिहासांतील प्रगति मोजावयाची झाल्यास या दोन भांड्यांतील अंतरानेंच मोजावी.

इतकें झाल्यावर विद्वानांच्या हातून तरी चुका होऊं नयेत, असें वाचकांस वाटेल. परंतु इतिहास येथेंच अधिक कठोर होतो. २५ सप्टेंबर १९५७ रोजीं शिकागो येथील निसर्गेतिहास संग्रहालयांत डॉ. कार्ल पॅटरसन श्मिट यांच्याकडे तेथील प्राणिसंग्रहालयानें एक साप ओळख पटविण्यासाठीं पाठविला. श्मिट हे त्या शास्त्रांतील अमेरिकेंतले अग्रगण्य पुरुष, वय ६७. साप आफ्रिकेंतील बूमस्लँग जातीचा, पण अडीच फुटांचें पिलूं. त्यास हातांत घेऊन न्याहाळीत असतां तो श्मिट यांच्या डाव्या आंगठ्यास चावला. एवढासा साप आणि त्याचा जेमतेम एकच विषदंत लागलेला. यांत काय व्हावयाचें, असें त्यांस वाटलें. ते घरीं गेले आणि शास्त्रज्ञाच्या नेमस्तपणानें स्वतःच्या लक्षणांची टिपणें लिहीत राहिले. ओकारी आली, ताप भरला, हिरड्यांतून रक्त आलें; सर्व वेळच्या वेळीं नोंदलें गेलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांस बरें वाटलें. दुपारीं ते गेले. त्या जातीचें विष रक्ताची गोठण्याची शक्तिच नष्ट करतें, आणि त्याचा परिणाम तासांतासांनीं होतो. सकाळचा आराम हा आराम नव्हताच. त्या टिपणांचें मोल शास्त्रास मोठें आहे. पण तीं लिहिण्याऐवजीं डॉक्टरास बोलावलें असतें तर, हा विचार तीं वाचतांना मनांतून जात नाहीं.

याहूनही आमच्या विषयाशीं निकट असें उदाहरण जर्मनींतील आहे. फ्रँकफुर्ट येथील सेंकेनबर्ग संग्रहालयाचे एके काळचे संचालक रॉबर्ट मेर्टेन्स यांनीं घरीं आफ्रिकेंतील एक काटकुळा, फांदीसारखा दिसणारा साप बाळगिला होता. १९७५ सालीं त्यास खाऊं घालतांना तो त्यांस चावला. या जातीच्या विषावर प्रतिविष उपलब्धच नव्हतें. अठरा दिवस त्या विषाशीं झगडून ऑगस्ट महिन्यांत, वयाच्या ८० व्या वर्षीं, ते वारले. ज्या मनुष्यानें सारें आयुष्य या प्राण्यांच्या अभ्यासांत वेंचलें, त्याचा मृत्यु स्वतःच्या घरांतील पाळलेल्या सापानें व्हावा! येथें ज्ञानाची उणीव कोठें होती? उणीव होती ती एवढीच कीं, ज्या दंशास औषध नाहीं तो दंश ज्यायोगें अशक्य होईल अशी व्यवस्था सापाच्या व हाताच्या मध्यें नव्हती. ज्या सापाचें प्रतिविष आपल्या शहरांत नाहीं तो साप आपल्या घरांत नसावा, हा नियम या दोन थोर पुरुषांनीं आपल्या प्राणांची किंमत देऊन सिद्ध केला आहे असें आम्ही समजतों.

येथें आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव म्हणतील कीं, हें सर्व विषारी सापांविषयीं झालें. मला तर बिनविषारी हवा आहे. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तरही इतिहासानेंच दिलें पाहिजे. फ्लॉरिडा संस्थानांत २००९ सालीं एका घरांतील पाळलेला ब्रह्मी अजगर रात्रीं पेटींतून निसटला आणि त्यानें बिछान्यांत निजलेल्या दोन वर्षांच्या मुलीस गुदमरवून मारलें. कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांत २०१३ सालीं एका सदनिकेंत आफ्रिकी अजगर आपल्या बंदिस्त जागेंतून वातायनाच्या नळींत शिरला, तिच्यांतून सरपटत दुसऱ्या खोलीच्या छतांतून खालीं पडला, आणि तेथें झोंपलेलीं चार व सहा वर्षांचीं दोन भावंडें मृत्युमुखीं पडलीं. त्या नळीचें झाकण जागेवर नव्हतें. हे दोन्ही अजगर जातीनें प्रचंड, आणि आमच्या चिरंजीवांच्या बॉल पायथनाशीं त्यांची तुलना करणें अन्यायाचें होईल हें आम्हांस मान्य आहे. पण झाकणाचा नियम लहानमोठा भेद जाणत नाहीं. सापास हातपाय नसले तरी ज्या फटींतून त्याचें डोकें जातें त्या फटींतून बहुधा त्याचें सर्व शरीर जातें, आणि रात्रभर तो पेटीची एकेक कड नाकानें चांचपून पाहत असतो. मनुष्य एकदां विसरतो. साप रोज तपासतो.

निसटलेला साप आपल्याच घरापुरता राहतो असेंही नाहीं. दक्षिण फ्लॉरिडांतील एव्हरग्लेड्स नांवाच्या विस्तीर्ण पाणथळ अरण्यांत ब्रह्मी अजगरांनीं कायमची वस्ती केली आहे. पाळणाऱ्यांनीं कंटाळून सोडून दिलेले, आपण होऊन निसटलेले, आणि १९९२ च्या भयंकर वादळांत पैदास-केंद्रांतून मोकळे झालेले अजगर, हे त्या वस्तीचे मूळपुरुष मानले जातात. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत त्या अरण्यांतील रॅकून नांवाचे प्राणी दिसण्याचें प्रमाण शेंकडा ९९ हून अधिक घटल्याचें आढळलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें या अजगरांच्या आयातीस बंदी केली. घोडा पळाल्यावर तबेल्यास कुलूप लागलें तें असें. एका मुलाच्या हौशीची मुदत दोन वर्षें असते, आणि सापाचें आयुष्य वीस-तीस वर्षांचें असतें. या वजाबाकीची शिल्लक अरण्यानें सोसावयाची काय?

दांत आणि विळखा यांशिवाय तिसरा एक धोका आहे, तो डोळ्यांस दिसत नाहीं. साप, कांसव, पाल इत्यादि प्राण्यांच्या आंतड्यांत साल्मोनेला नांवाचे जंतु निवांतपणें राहतात. प्राणी निरोगी दिसतो. पण त्यास, त्याच्या पेटीस किंवा पाण्याच्या भांड्यास लागलेला हात तोंडास गेला कीं माणसास जुलाब व ताप यांचा विकार जडतो, आणि लहान मुलें, वृद्ध व अशक्त माणसें यांस तो विशेष जाचतो. अमेरिकेंत लहान लहान कांसवें पाळणाऱ्या मुलांत हा विकार इतका बोकाळला कीं १९७५ सालीं चार इंचांहून लहान पाठीच्या कांसवांची विक्री कायद्यानें बंद करावी लागली. म्हणून सापास शिवल्यावर साबणानें हात धुणें, त्याची पेटी व भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत कदापि न धुणें, आणि पांच वर्षांखालील मुलांस त्यापासून दूर ठेवणें, हे नियम कुलपाइतकेच महत्त्वाचे आहेत. आमच्या आजीबाई सोंवळेंओंवळें पाळीत असत. येथें त्यांचें वर्तन शास्त्रास सर्वथा संमत झालें असतें.

न्यायानें सापाचीही बाजू सांगितली पाहिजे, कारण पेटींत कोंडलेल्या प्राण्यास तक्रार करतां येत नाहीं. त्यास ऊब लागते, ती दिव्यानें किंवा विजेच्या गादीनें देतात. पण उष्णतेचें नियंत्रण करणारें यंत्र नसेल तर साप तापलेल्या पृष्ठावर पडून राहतो आणि भाजतो. हीच बेफिकिरी घरास आग लावण्यासही पुरेशी आहे. जिवंत उंदीर पेटींत सोडून दिल्यास साप उंदरास खाण्याऐवजीं उंदीरच सापास कुरतडतो, असेंही घडतें. खाऊं घालणारा हात उंदराच्या वासाचा असला तर गरीब सापही त्यास भक्ष्य समजतो. म्हणून लांब चिमट्यानें भरवावें. कात टाकण्याच्या दिवसांत सापाची दृष्टि मंद होते व तो चिडखोर बनतो, आणि नुकतें खाल्लेला साप हाताळल्यास अन्न ओकून टाकतो. या दोन्ही वेळीं त्यास शिवूं नये. सापाचें हित आणि पाळणाऱ्याचें हित येथें वेगळें नाहीं.

आतां आपल्या देशाचा कायदा. वन्य जीवांच्या संरक्षणाचा अधिनियम १९७२ सालीं झाला. त्यानें व त्यावरील दुरुस्त्यांनीं आपल्या रानांतील साप पकडणें, विकणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा ठरविला आहे. नाग असो, धामण असो, वा आपला अजगर असो, तो पाळण्याचा प्रश्नच उरत नाहीं. परदेशी जातींपैकीं ज्यांचा उल्लेख १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारांत आहे, आणि बॉल पायथन त्यांतच येतो, त्या बाळगणाऱ्यांनीं सरकारीं नोंद करावी असें २०२२ च्या दुरुस्तीनें सांगितलें आहे. चोरट्या वाटेनें आलेला प्राणी विकत घेणें म्हणजे वाटेंत मेलेल्या त्याच्या भावंडांचीही किंमत चुकविणें होय.

कायद्यानें जें मिटलें तें संवयीनें मात्र मिटलेलें नाहीं. महाराष्ट्रांत गांवोगांव जे सर्पमित्र आहेत, त्यांनीं असंख्य सापांचे व माणसांचे प्राण वांचविले, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे आहेत. परंतु पकडलेला नाग चार लोकांपुढें खेळविण्याचा, गळ्यांत घालण्याचा, त्याच्या फण्याचें चुंबन घेऊन तसबीर काढविण्याचा जो मोह त्यांतील कांहींस पडतो, त्यांत पुष्कळ तरुणांचे बळी गेले आहेत. १८५२ मधील त्या सकाळची ही पुनरावृत्ति आहे; फरक इतकाच कीं येथें धुंदी मद्याची नसून प्रेक्षकांची असते. आणि दंश झालाच तर करकचून दोरी बांधणें, चिरा पाडणें, तोंडानें रक्त ओढणें, मांत्रिकाकडे जाणें, हें सर्व टाकून, चावलेला अवयव हलूं न देतां तडक रुग्णालय गांठावें. श्मिट यांच्याप्रमाणें 'पाहूं सकाळपर्यंत' असें म्हणूं नये.

या सर्व हकीकतींचा इत्यर्थ काय? आमच्या मतें तो असा. सापापासूनचे बहुतेक अपघात सापाच्या क्रौर्यानें होत नाहींत व पाळणाऱ्याच्या भित्रेपणानेंही होत नाहींत. ते एखाद्या सामान्य दिवशीं, एखाद्या सामान्य विसरानें होतात. म्हणून सुरक्षिततेचा नियम असा असावा कीं, जो आपण शहाणे असतांना केला आणि आपण शहाणे नसूं त्या दिवशींही जो चालतो. कुलूप, जाळी, चिमटा, दुसरा मनुष्य, साबण: या वस्तु हुशारीची जागा घेण्यासाठीं आहेत. ज्यास आपल्या हुशारीचा अभिमान आहे, त्यालाच त्यांची अधिक गरज आहे.

आम्हीं स्नेह्यांस एवढेंच सांगितलें, "साप मागाहून आणा, पेटी प्रथम आणा." त्यांनीं तसें केलें. कांचेची पेटी आली, तिच्यावर जाळीचें घट्ट झाकण व कडी बसली, उष्णतामापक लागला, पाण्याचें भांडें ठेवलें. पेटींत साप मात्र नव्हता. मुलानें तीन महिने रोज पाणी बदलावयाचें, उष्णता पाहावयाची, हात धुवावयाचे, रात्रीं कडी लावावयाची, आणि हें सर्व वहींत लिहावयाचें. कडी लागली कीं नाहीं हें वडिलांनीं तो निजल्यावर पाहावयाचें, असा करार झाला. मुलास प्रथम हा अपमान वाटला. रिकाम्या पेटीस कडी कसली, असें तो म्हणे. पण शब्दाचा तो पक्का निघाला.

तीन महिन्यांनीं वही घेऊन तो स्वतःच आमच्याकडे आला. नव्वद रात्रींपैकीं सात रात्रीं कडी लावण्याचें राहून गेलें होतें. पांच रात्री परीक्षेच्या दिवसांतील होत्या. सहावी, घरीं पाहुणे उतरले होते तेव्हांची. "आणि सातवी?" आम्हीं विचारलें. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशीं कांहींच नव्हतें, काका. कशी राहिली तें आठवतच नाहीं. मला त्या सहांपेक्षां त्या एकीचीच भीति वाटते."

इतकी वर्षें पुस्तकें चाळून जें आम्हांस कळलें, तें त्या मुलास रिकाम्या पेटीनें तीन महिन्यांत शिकविलें होतें. त्याच्या धाकट्या बहिणीस आतां तिसरें वर्ष लागलें आहे, आणि ती पांच वर्षांची होईपर्यंत थांबावें असें त्यानें आपण होऊन ठरविलें आहे. पेटी अजून रिकामी आहे. रात्रीं कडी मात्र लागते. आणि त्यानें आतां दुसरी वही घातली आहे.